घरच्या घरी साफसफाईची द्रावणं : कशात काय मिसळायचं आणि कशात नाही?

झुळूक
नमस्कार. सासूबाईंना बरीच वर्षं दमा आहे. मागच्या महिन्यात मी न्हाणीघराच्या फरशा तयार मिळणाऱ्या स्प्रेने घासत होते. दार लोटलेलं होतं, तरी पलीकडच्या खोलीत बसलेल्या सासूबाईंना असा खोकला लागला की पंप घ्यावा लागला. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, पण माझ्या मनाला ते फार लागलं. त्या दिवसापासून उग्र वासाचं काही घरात आणायचं नाही असं ठरवलंय.

मग जिथेतिथे दिसणारी ती कृती करून पाहिली. स्प्रेच्या बाटलीत व्हिनेगर, त्यात खाण्याचा सोडा, वर किसलेल्या साबणाचं पाणी आणि लिंबाच्या सुगंधी तेलाचे दहा थेंब. फसफसून निम्मं ओट्यावर सांडलं. उरलेल्याने नळावरचे पांढरे डाग हलले नाहीत, शेगडीमागचा ओशटपणाही गेला नाही. दोन दिवसांनी बाटलीत पांढऱ्या गुठळ्या तरंगायला लागल्या.

ही कृती मुळातच चुकीची आहे का? कशासाठी काय वापरायचं? आणि दमेकऱ्याच्या घरात खरोखर चालेल असं काय आहे? ज्यांनी स्वतः करून पाहिलंय त्यांनी जरूर लिहा.

रानवारा
रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडेही हाच प्रश्न आहे.

खडूफळा
झुळूक, तुम्ही कृती चुकवली नाहीत, ती कृतीच चुकीची आहे. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचो. आम्ल आणि आम्लारी एकत्र केली की दोघांचा जोर मारला जातो, हे सातवी-आठवीची मुलंही सांगतात. घरात बाटली हातात आली की मात्र आपण ते विसरतो.

व्हिनेगर हे आम्ल. त्यात साधारण ५ टक्के अ‍ॅसिटिक आम्ल असतं, म्हणजे १०० मिलीमध्ये ५ ग्रॅम. ते पूर्ण मारायला खाण्याचा सोडा फक्त ७ ग्रॅम पुरतो, दीड लहान चमचा. हाती काय उरतं? पाणी, थोडं सोडियम अ‍ॅसिटेट आणि उडून गेलेला कार्बन डायऑक्साइड. सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी नळावरचे क्षार विरघळवत नाही आणि ओशटपणाही काढत नाही. फेस दिसतो म्हणून काहीतरी होतंय असं वाटतं, इतकंच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एवढ्याशा १०० मिली व्हिनेगरमधून जवळपास २ लिटर वायू सुटतो. झाकण घट्ट लावलं असतंत तर बाटली फुटली असती. सांडलं तेच बरं झालं.

गुठळ्यांचं कारणही तेच. साबण म्हणजे मेदाम्लांचा क्षार. त्यात आम्ल पडलं की मेदाम्लं सुटी होतात आणि त्यांच्या गुठळ्या होतात. साबण, सोडा आणि व्हिनेगर हे तिघेही आपापल्या जागी उत्तम आहेत. एका बाटलीत त्यांना कोंडलं की तिघेही निकामी.

निळीशाई
अनुमोदन. मला हे कुणी पाच वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

माझा नियम एका ओळीत सांगते: पांढरं आणि खरखरीत असेल तर आम्ल, ओशट आणि चिकट असेल तर सोडा. नळ, शॉवर, किटली, काचेवर सुकलेले पाण्याचे ठिपके, हे सगळे पाण्यातले क्षार. त्यांना व्हिनेगर किंवा लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड. शेगडी, तिच्यामागची फरशी, कपाटांची हँडलं, पंख्याची पाती यांवर तेलाची वाफ आणि धूळ बसलेली असते. त्यांना गरम पाणी, भांड्यांचा लिक्विड साबण आणि फारच किटण असेल तर धुण्याचा सोडा.

रानवारा
पण खडूफळा सर, तुंबलेल्या मोरीत मी सोडा टाकतो, वरून व्हिनेगर ओततो आणि मग उकळतं पाणी. दर वेळी मोकळी होते. मग ते कसं?

खडूफळा
उकळत्या पाण्याने. पुढच्या वेळी सोडा आणि व्हिनेगर वगळून नुसतं कडकडीत गरम पाणी आणि दोन चमचे भांड्यांचा साबण टाकून बघा. पाइप प्लॅस्टिकचा असेल तर उकळतं नको, हात पोळेल इतपत गरम पुरे, नाहीतर सांधे ढिले होतात. नुसता फेस केसांचा गुंता सोडवत नाही. त्याला जाळी उचलून आकड्याने गुंता ओढून काढणं हाच उपाय, किंवा रबरी पंप.

रानवारा
आज करून बघतो. आकड्याचं काम मुलाला देतो, त्याला असल्या गोष्टी फार आवडतात.

वाटसरू
मला एक मूलभूत शंका आहे, राग मानू नका. घरी बनवायचंच कशाला? भांड्यांचा साधा, वास नसलेला लिक्विड साबण आणि पाणी यांत घरातली बहुतेक सफाई होते. ‘घरगुती’ आणि ‘नैसर्गिक’ या शब्दांनी आपण उगाच भुलतो. तयार बाटलीवर निदान आत काय आहे ते छापलेलं असतं, वापरायचं कसं ते लिहिलेलं असतं, काहींची टोपी मुलांना सहज उघडता येणार नाही अशी असते. आपल्या स्प्रेच्या बाटलीवर यातलं काहीच नसतं.

कापूसकाडी
वाटसरू, मी असहमत. तयार वस्तूंमध्ये सुगंध, रंग, दाटपणा आणणारे पदार्थ असं कितीतरी असतं ज्याचा सफाईशी संबंध नाही. घरी केलं की आत काय आहे ते आपल्याला नेमकं ठाऊक असतं. मी तीन वर्षं सालींचं बायोएन्झाइम करते. १ भाग गूळ, ३ भाग लिंबूवर्गीय फळांच्या साली, १० भाग पाणी आणि तीन महिने वाट. फरशीला, सिंकला तेच वापरते. एरवी कचऱ्यात जाणाऱ्या सालींचं सोनं होतं.

वाटसरू
आत काय आहे ते नेमकं ठाऊक असतं, असं खरंच म्हणता येईल का? तीन महिने आंबलेल्या बरणीत?

खडूफळा
दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. कापूसकाडी, तुमचं द्रावण काम करतं याबद्दल मला शंका नाही. पण त्याचं श्रेय मुख्यतः आंबण्यातून तयार झालेल्या आम्लांना आहे. गुळाची आधी अल्कोहोल होते आणि मग तिचं अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे तेच व्हिनेगर, शिवाय सालींतलं थोडं सायट्रिक. ‘एन्झाइम’ या नावावर जाऊ नका. इतक्या आंबट द्रावणात बरीचशी विकरं टिकून काम करणं अवघड असतं. त्याला सौम्य आम्ल समजून वापरा, म्हणजे व्हिनेगरची सगळी पथ्यं त्यालाही लागू. आणि त्याने जंतू मरतात असं समजू नका.

कापूसकाडी
पटलं, सर. जंतूंसाठी मी ते कधी वापरलं नाही, पण मैत्रिणींना तसं सांगत होते. आता थांबवते.

नव्याने करणाऱ्यांसाठी माझाही एक अनुभव. पहिल्या वर्षी काचेच्या बरणीत काठोकाठ भरून झाकण घट्ट लावलं. आठव्या दिवशी रात्री बरणी फुटली आणि काचा थेट समोरच्या भिंतीपर्यंत गेल्या. दिवसा कुणी तिथे असतं तर? तेव्हापासून प्लॅस्टिकची बरणी, पाचवा हिस्सा रिकामा आणि पहिला महिना रोज एकदा झाकण सैल करून वायू सोडायचा. यात हयगय नाही.

तिन्हीसांज
इतके दिवस वाचत होते, आज लिहायलाच हवं असं वाटलं.

दोन वर्षांपूर्वी संडासाचं भांडं आम्लाच्या द्रावणाने घासलं. पिवळा डाग जाईना. पाणी न ओतताच वरून ब्लीच ओतलं, दोन्ही मिळून जोरात निघेल या समजुतीने. काही क्षणांत घशात सुरी फिरावी तसं झालं. डोळ्यांतून पाणी, श्वास आत जाईना. दार आतून लावलेलं होतं. कडी चाचपडत बाहेर पडले. रात्रभर खोकत होते आणि डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशीपर्यंत निरीक्षणाखाली ठेवलं. त्या खोलीत मी आणखी दोन मिनिटं घासत बसले असते तर आज हे लिहीत नसते.

मी शिकलेली बाई आहे. तरीही मला हे माहीत नव्हतं. कुणीतरी एकदा स्पष्ट सांगायला हवं होतं.

खडूफळा
तिन्हीसांज, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. तुम्ही श्वासात घेतलात तो क्लोरीन. पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ रोजी, बेल्जियममधल्या ईप्र इथे सैनिकांवर सोडला होता तोच वायू. तो हवेपेक्षा जवळजवळ अडीचपट जड असल्याने जमिनीलगत साचतो आणि घासताना आपण खाली वाकलेलेच असतो.

ब्लीचबद्दल सर्वांसाठी लिहितो. ब्लीचमध्ये पाण्याखेरीज काहीही मिसळायचं नाही. कुठलंही आम्ल, म्हणजे व्हिनेगर, लिंबूसत्व, संडास साफ करण्याचं अ‍ॅसिड आणि कापूसकाडींचं सालींचं पाणीसुद्धा, मिसळलं की क्लोरीन. अमोनिया मिसळला की क्लोरामाइन, तेही फुप्फुसांना तितकंच वाईट. काच पुसायच्या काही द्रावणांत अमोनिया असतो. स्पिरिट मिसळलं तर क्लोरोफॉर्मसारखी घातक संयुगं होतात. एक वापरून झालं आणि दुसरं वापरायचंच असेल तर मध्ये भरपूर पाणी ओता आणि शक्यतो दुसरा दिवस उजाडू द्या.

दवबिंदू
मांजर पाळणाऱ्यांनी यात एक भर घाला. लघवीतही अमोनिया असतो. मांजराच्या मातीच्या तबकावर किंवा तिने ओल्या केलेल्या कोपऱ्यावर थेट ब्लीच ओतू नका. आधी साबणपाण्याने स्वच्छ धुवा.

कंदील
मी परिचारिका आहे. तिन्हीसांज ताईंसारखे रुग्ण आमच्याकडे येतात आणि जवळजवळ सगळे हेच म्हणतात, ‘दोन्ही मिळून जास्त चांगलं निघेल असं वाटलं.’

असं झालं तर आधी मोकळ्या हवेत या. सांडलेलं पुसायला, खिडकी उघडायला परत आत जाऊ नका. श्वास लागत असेल तर लगेच दवाखाना गाठा. बरं वाटलं तरी दिवसभर कुणाला तरी सोबत ठेवा, कारण फुप्फुसांतली सूज काही तासांनीही वाढू शकते. डोळ्यांत गेलं तर वाहत्या पाण्याने १५ ते २० मिनिटं धुवा, घड्याळ लावून. पोटात गेलं तर उलटी करवू नका. जाताना अन्ननलिका जितकी भाजली तितकीच ती येताना पुन्हा भाजते. ‘आम्ल प्यायलं म्हणून सोडा द्या’ हेही करू नका. बाटली सोबत घेऊन दवाखान्यात या.

आता झुळूकच्या मूळ प्रश्नाकडे येते. सासूबाईंना त्रास झाला तो द्रव्याइतकाच फवाऱ्यामुळे. स्प्रे दाबला की बारीक थेंब हवेत तरंगतात आणि थेट छातीत जातात. तेच द्रावण फडक्यावर ओतून पुसलं तर त्रास पुष्कळ कमी होतो. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ६,२३५ लोकांचा सुमारे २० वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला. घरी सफाई करणाऱ्या आणि सफाईचं काम पेशा म्हणून करणाऱ्या स्त्रियांची फुप्फुसांची क्षमता, सफाई न करणाऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त वेगाने घटलेली आढळली. हे वाचल्यापासून मी घरातल्या सगळ्या स्प्रेच्या तोट्या काढून साधी बुचं लावली.

आणि हो, व्हिनेगर घरगुती असलं तरी त्याच्या वासानेही दमा उसळू शकतो. तुमच्या घरात लिंबूसत्व वापरा, त्याला वास नाही. फक्त पूड पाण्यात घालताना हळू घाला, उडाली तर तीही खोकला आणते.

झुळूक
कंदील, हे तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी वास कमी करायला म्हणून लिंबाचं तेल घातलं होतं.

दवबिंदू
तेलाबद्दल मला बोलू द्या. मी फरशी पुसायच्या पाण्यात टी ट्री तेल घालायचे. ‘नैसर्गिक जंतुनाशक’ असं वाचलं होतं. माझी मांजर त्या फरशीवर चालायची आणि पंजे चाटायची. एका संध्याकाळी तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली, मागचे पाय लटपटायला लागले. पशुवैद्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘घरात कुठलं सुगंधी तेल आहे का?’ मांजरीच्या यकृतात अशा द्रव्यांचा निचरा करणारी विकरं फार कमी असतात. माणसाला जे सहज पचतं ते तिच्या अंगात साचतं. ती वाचली. तेलाच्या बाटल्या त्याच रात्री घराबाहेर गेल्या.

खडूफळा
लिंबाच्या तेलातला मुख्य घटक लिमोनीन. हवेशी संयोग होऊन त्याची जी रूपं होतात ती त्वचेची अ‍ॅलर्जी जागवतात. हवेत ओझोन असेल तर त्यातून थोडं फॉर्मल्डिहाइडही तयार होतं. दमेकऱ्याच्या घरी हे नकोच. स्वच्छतेला वास नसतो, हे एकदा मनाने स्वीकारलं की निम्मा प्रश्न सुटतो.

घरधनी
आम्लाच्या बाजूने इतकं लिहिलं गेलंय म्हणून एक इशारा. आमच्या बेसिनभोवती संगमरवर आहे. नळ चमकवायला व्हिनेगरचं फडकं गुंडाळून ठेवलं आणि थेंब खाली गळत राहिले. नळ लख्ख झाला आणि संगमरवरावर फिकट, खरखरीत गोल उठले. डाग समजून आठवडाभर घासत होतो. तो डाग नव्हताच, दगडच खाल्ला गेला होता. शेवटी कारागिराकडून पॉलिश करून घ्यावा लागला.

खडूफळा
कारण नळावरचा क्षार आणि संगमरवर हे दोन्ही मुळात कॅल्शियम कार्बोनेटच. आम्लाला दोघांत फरक कळत नाही. चुनखडीचा दगड आणि फरशांच्या सांध्यांतलं सिमेंट यांनाही आम्लापासून जपा.

निळीशाई
आणि सोड्यापासून अ‍ॅल्युमिनियमला! शेगडीवरच्या चिमणीची जाळी मी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात रात्रभर बुडवली. सकाळी तेल सगळं गेलं होतं, पण जाळी काळीठिक्कर. ती अ‍ॅल्युमिनियमची निघाली. स्टीलच्या जाळीला हाच उपाय अप्रतिम आहे. आधी धातू ओळखा, मग सोडा घाला. धुण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा सामू (pH) ११ च्या आसपास असतो, हातमोजे घालाच. खाण्याचा सोडा त्या मानाने मवाळ, ८.३ च्या जवळपास. तो घासायच्या पुडीसारखा चांगला.

रानवारा
मोरीचा अहवाल: नुसतं गरम पाणी आणि साबण, मोकळी झाली. आकड्याने मुलाने जो गुंता काढला त्याचं वर्णन करत नाही, तो मात्र शाळेत सगळ्यांना सांगून आलाय.

एक प्रश्न. बऱ्याच कृतींत बोरॅक्स, म्हणजे टाकणखार, असतो. तो कसा?

खडूफळा
मी घरात ठेवत नाही. प्रजननक्षमतेला आणि गर्भाला धोका असल्यामुळे युरोपीय संघाने २०१० मध्येच त्याला अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत घातलं. ‘खनिज आहे म्हणून निर्धोक’ हा समज त्याच्याबाबतीत खोटा आहे. त्याचं जवळपास सगळं काम धुण्याचा सोडा करतो.

तिन्हीसांज
रिठ्याचं पाणी चालेल ना? मी ब्लीच सोडल्यापासून तेच वापरते, पण चार दिवसांत वास मारतं.

निळीशाई
चालतं. रिठ्यात सॅपोनिनं असतात, ती खराखुरा फेस करतात. पण त्यात टिकाऊपणासाठी काही नसतं, म्हणून ते नासतं. तयार साबणात परिरक्षक घातलेले असतात ते उगाच नाही. दोन दिवसांपुरतंच उकळा, फ्रिजमध्ये ठेवा आणि वास किंवा तवंग दिसला की फेका. नासलेल्या पाण्याने पुसणं म्हणजे जंतू घरभर पसरवणं. कुठलंही साबणपाणी महिनाभराचं करून ठेवू नका.

आणि बाटल्यांवर नाव लिहा! माझा भाऊ एकदा पाण्याची बाटली समजून ओट्यावरचं सोड्याचं पाणी तोंडाला लावणार होता. बाटलीचा रंग पाहून मीच ओरडले. पिण्याच्या पाण्याची किंवा सरबताची बाटली सफाईसाठी कधीही वापरू नये. चिकटपट्टीवर तीन गोष्टी लिहा: आत काय आहे, कधी केलं, कशात मिसळायचं नाही.

दवबिंदू
आमच्या लेकीने बाटल्यांना नावं ठेवलीत. लिंबूसत्वाची ‘नळबाई’ आणि सोड्याचा ‘ओशटराव’. दोघांचं भांडण असल्याने त्यांना एका कप्प्यात ठेवायचं नाही, असा तिचा नियम आहे.

खडूफळा
तीस वर्षांत मला उदासिनीकरण इतकं छान शिकवता आलं नाही. लेकीला शाबासकी सांगा. फक्त नावाखाली खरं नावही लिहा, पाहुण्यांना नळबाई कोण ते कळणार नाही.

झुळूक
दोन शंका उरल्यात. घरात कुणाला उलट्या-जुलाब झाले तर जंतुनाशक लागणारच, तेव्हा काय? आणि न्हाणीघराच्या कोपऱ्यातली काळी बुरशी?

कंदील
रोजच्या सफाईला जंतुनाशक लागत नाही. साबणाने चोळून धुतलं की बहुतेक जंतू मळाबरोबर वाहून जातात. आजारपणात लागतं, आणि तेव्हा ब्लीचला मी नाही म्हणणार नाही, कारण उलट्या-जुलाबांच्या काही विषाणूंवर स्पिरिट पुरेसं पडत नाही. ५ टक्क्यांचं ब्लीच असेल तर १ लिटर थंड पाण्यात २० मिली, म्हणजे ०.१ टक्का. आधी साबणाने घाण काढा, कारण घाणीतच क्लोरीन खर्ची पडतो. मग हे लावून १० मिनिटं ओलं राहू द्या आणि पाण्याने पुसा. रोज ताजं करा, उरलेलं ओतून द्या. खिडक्या उघड्या, सासूबाई दुसऱ्या खोलीत, आणि फडक्याने, फवाऱ्याने नाही.

दाराच्या कड्या, फोन, रिमोट यांना ७० टक्क्यांचं स्पिरिट. ९९ टक्क्यांचं जास्त जोरदार असेल असं वाटतं, पण ते चटकन उडून जातं आणि प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतंच. शेगडी पेटलेली असताना मात्र बाटली उघडायचीही नाही.

बुरशीचं मूळ ओलाव्यात आहे. आंघोळीनंतर वायपरने भिंती निथळवा, पंखा चालू ठेवा, दार उघडं ठेवा. आहे ती काढायला ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड लावून १० मिनिटांनी ब्रशने घासा. ते त्याच्या गडद बाटलीतच ठेवा, उजेडाने त्याचा जोर जातो. व्हिनेगरमध्ये मिसळू नका, त्यातून पेरअ‍ॅसिटिक आम्ल होतं आणि ते डोळ्यांना, छातीला झोंबतं. बुरशी घासली की तिचे बीजाणू उडतात, म्हणून हे काम सासूबाई बाहेर गेलेल्या असताना, मास्क लावून करा.

वाटसरू
कंदील, तुमचा प्रतिसाद वाचून माझं मत थोडं बदललं. घरी बनवायचं की विकत आणायचं हा वाद मी उगाच वाढवला. घरातल्या बाटल्या कमी करणं आणि प्रत्येकीची ओळख असणं, हे जास्त उपयोगाचं दिसतंय.

कापूसकाडी
आणि मी तुमच्या साबणाला नावं ठेवली, ते मागे घेते. सालींचं पाणी मात्र चालूच ठेवणार.

झुळूक
तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय.

घरात आता मोजक्याच गोष्टी आहेत. भांड्यांचा बिनवासाचा साबण सगळ्यात जास्त लागतो. बादलीभर कोमट पाण्यात एक लहान चमचा टाकते आणि फरशी पुसते. सुरुवातीला दोन मोठे चमचे टाकत होते, तेव्हा फरशी चिकट होऊन जास्तच धूळ धरायची. शेगडीमागे १ लिटर गरम पाण्यात दीड चमचा धुण्याचा सोडा. नळांना आणि किटलीला लिंबूसत्व. किटलीत ते घालून उकळू नये हे मी आधी अनुभवाने आणि मग वाचून शिकले. फार तापवलं की कॅल्शियम सायट्रेटचा नवा थर बसतो. आता १ लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा घालून अर्धा तास ठेवते आणि दोनदा खळबळून काढते. आरसे तर नुसत्या ओल्या मायक्रोफायबरच्या फडक्याने निघतात, मी उगाच त्यासाठी कृती शोधत होते.

ब्लीचची एक लहान बाटली आहे, वरच्या कपाटात, कुलपात. तिच्यावर लाल पट्टी आणि ‘फक्त पाणी’ असं लिहिलंय. हे तिन्हीसांजमुळे.

सासूबाईंना सफाईच्या दिवशी पंप लागलेला नाही. पूर्वी मी घासायला घेतलं की त्या शेजारच्या घरी जाऊन बसायच्या. काल माझ्याजवळ स्टूल घेऊन बसल्या आणि नळ स्वतः पुसला. आता त्यांना दाराची जुनी पितळी कडीही लिंबूसत्वाने उजळायची आहे. चालेल का?

तिन्हीसांज
लाल पट्टीबद्दल वाचून बरं वाटलं. खरंच.

खडूफळा
पितळ चालेल. सौम्य द्रावणात एक-दोन मिनिटं, मग पाण्याने धुऊन लगेच कोरडं करा. जास्त वेळ ठेवलं तर आम्ल पितळातलं जस्त खातं आणि धातू गुलाबीसर दिसायला लागतो. कडीवर वार्निशसारखा लेप असेल तर मात्र नको.

झुळूक
लेप नाही. पण त्यांनी मला विचारायच्या आधीच कडी काढून वाडग्यात भिजत घातलीये, दहा मिनिटं तरी झाली असतील. पळते.